दोन कोअरचा तंबू

बोईसरच्या माणसाला कोणी विजेबद्दल चार गोष्टी सांगू लागलं, की त्याचा अपमान होतो. कारण नसतं, पण होतो. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र आमच्या पश्चिमेला, समुद्रालगत आहे. २८ ऑक्टोबर १९६९ला ते रीतसर सुरू झालं. पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने उभारून दिल्या. पुढच्या दोन, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या, आपल्याच लोकांनी बांधल्या आणि त्या २००५-०६मध्ये वीज देऊ लागल्या. सगळं मिळून १४०० मेगावॉट. यात माझा वाटा एवढाच, की मी बोईसरला राहतो. पण पुण्याचा पाहुणा आला, की स्टेशनवरून घरी पोचेपर्यंत मी हे आकडे अशा थाटात ऐकवतो, की सकाळी भट्टी पेटवूनच मी त्याला न्यायला आलोय असं त्याला वाटावं. तेवढ्यात घरची लाइट जाते. मग मी सांगतो, की ती वीज वर ग्रिडला जाते, बोईसरला थेट मिळत नाही. पोफरण आणि अक्करपट्टीची माणसं त्या नव्या भट्ट्यांसाठी गाव सोडून उठली, हे मात्र मी पाहुण्यांना सहसा सांगत नाही. त्यात थाट मारण्यासारखं काही नाही.

माझी नोकरी तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, परचेस खात्यात. केबल, ग्लँड, लग, कॉन्टॅक्टर, एमसीबी, यातलं मी घेतलं नाही असं काही नाही, आणि मी हाताने लावलंय असंही काही नाही. दीड स्क्वेअर एमएमची आणि अडीच स्क्वेअर एमएमची वायर यांत फरक काय, असं विचाराल तर तो मी मीटरमागे रुपयांत सांगेन. आयपी ४४ म्हणजे काय? म्हणजे साध्या सॉकेटपेक्षा महाग. पाणी उडालं तरी आत जात नाही, हा त्याचा दुसरा अर्थ मला बऱ्याच उशिरा कळला. तो कसा कळला, तेच सांगतोय.

माझे साडू इंग्लंडात रेडिंगजवळ राहतात. नाताळच्या सुट्टीत सहकुटुंब आले, सासूबाईंना पुण्याहून घेऊन आले, आणि मेहुणीने जाहीर केलं, की मुलांना तंबूत राहायचंय. तंबूत राहण्याची हौस आपल्याकडे नवी आहे. आपला तंबू म्हणजे मांडव, तोही लग्नाचा किंवा गणपतीचा. नाहीतर मग नाइलाजाचा. २०१८च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे जमीन हादरायला लागली, तेव्हा धुंदलवाडीच्या बाजूची माणसं ऐन थंडीत घराबाहेर तंबूत झोपली. हौस म्हणून नव्हे, छत अंगावर येऊ नये म्हणून. त्यांच्या शेजारच्या तालुक्यात राहून आपण पैसे मोजून तंबूत झोपायला जायचं, हे माझ्या मनाला लागत होतं. पण मेहुणीने ठरवलेलं आमच्या घरात रद्द होत नाही.

नांदगावच्या किनाऱ्यालगत एका वाडीत सुरूच्या झाडांखाली तंबू मिळतात, असं कळलं. तंबू त्यांचे, बाकी सोय आपली. वाडीवाले काका फोनवर म्हणाले, "लाइट ओटीवरनं घ्या. वायर तुमची."

तिथेच माझ्यातला परचेसवाला जागा झाला.

बायको म्हणाली, "घरातली छोटी गॅसशेगडी घेऊया."

"तंबूत गॅस?" मी म्हणालो. "काही सुरक्षितता म्हणून आहे की नाही? सगळं विजेवर करू. वीज स्वच्छ असते."

मी यादी केली. इंडक्शन शेगडी, २००० वॉट. चहाची केटली, १५०० वॉट. ही ऑफिसच्या पँट्रीतून राइट-ऑफ होऊन माझ्याकडे आली होती. का राइट-ऑफ झाली हे मी विचारलं नव्हतं, कारण फुकट मिळालेल्या वस्तूची चौकशी परचेसवाला करत नाही. एक पंखा. मच्छरांचं मशीन. मोबाइलचे चार्जर. शिवाय तंबूला लावायला दिव्यांचं तोरण, दिवाळीतलं.

वायरीसाठी बोईसरच्या बाजारात तीन दुकानांतून भाव काढले. पन्नास मीटरचा ड्रम. तिसऱ्या दुकानदाराने दोन ड्रम पुढे ठेवले. एक दोन कोअरचा, एक तीन कोअरचा.

"हा महाग का?"

"त्यात अर्थिंगची वायर आहे, साहेब."

"बल्ब किती वायरींवर पेटतो?"

"दोन."

"मग?"

"शॉक लागला तर साहेब..."

"अहो, किनाऱ्यावर जायचंय. तंबू जमिनीवरच बसणार आहे. सगळं अर्थिंगच अर्थिंग."

या युक्तिवादावर तो बघतच राहिला. तो निरुत्तर झाला असं मी समजलो. आमच्या धंद्यात समोरचा गप्प बसला, की भाव ठरला असं मानतात.

बोर्ड विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. गॅलरीत एक पत्र्याचा जुना बोर्ड पडलेला होता. पाच सॉकेट, सगळे थ्री पिन. त्याला मी ती दोन कोअरची वायर जोडली. प्रत्येक सॉकेटला वर एक मोठं तिसरं भोक होतं, त्याची पट्टी आत पत्र्याला स्क्रूने आवळलेली होती. तिला माझ्याकडे वायरच नव्हती. ती तशीच ठेवली. आपण नाही का कोटाच्या बाहीला बटणं ठेवत!

वाडीवर पोचलो तर साडूभाऊंनी आधी ओटीवरचा बोर्ड पाहिला, मग माझा ड्रम पाहिला, आणि ते अत्यंत सौम्यपणे म्हणाले, "आमच्या तिकडे कॅम्पसाइटवर प्रत्येक जागेला एक खांब असतो. त्याला निळं सॉकेट, १६ अँपियरचं. आपण आपली केबल न्यायची. आधी तंबूतल्या बाजूला जोडायची, मग खांबाला. निघताना उलटं, आधी खांबावरून काढायची. म्हणजे हातात जिवंत टोक राहत नाही."

"निळं म्हणजे गोल, तीन पिनचं, झाकणवालं?"

"हो. तुम्हाला माहितीय?"

"माहितीय? निळं सिंगल फेज, लाल थ्री फेज. आमच्या स्टोअरमध्ये पेटीभर पडलेत."

"मग आणायचं की एक!"

यावर मी समुद्राकडे बघितलं. उत्तरेला अणुवीज केंद्राचे दिवे लागायला लागले होते. मी मुलांना बोलावून १४०० मेगावॉट सांगायला घेतले.

ओटी ते तंबू अंतर पंचवीसेक मीटर. म्हणजे अर्धी वायर ड्रमवरच उरली. ती मोकळी सोडली तर मुलं अडखळतील, म्हणून ड्रम तसाच गुंडाळलेला सासूबाईंच्या खाटेखाली सारला आणि वरून गोधडी सोडली. पत्र्याचा बोर्ड तंबूच्या लोखंडी खांबाला बाइंडिंग वायरने आवळून टांगला. आमच्या दोन्ही तंबूंच्या खांबांना जोडणारी एक तार होती, तिच्यावर ओले टॉवेल घातले. तोरण लावलं. काम इतकं नेटकं झालं, की मी त्याचे फोटो काढले. पुढे ते फोटो साडूभाऊंनी मागून घेतले. रेडिंगला कोणाला तरी दाखवायचे होते म्हणे.

संध्याकाळी बायकोने इंडक्शनवर बोंबील तळायला घेतले. शेजारी केटलीत चहाचं पाणी. साडूभाऊ मनातल्या मनात हिशेब करत होते. ओठ हलत होते त्यांचे. "साडेतीन हजार वॉट, भागिले २३०. पंधरा अँपियर झाले की हो. या वायरीला?"

"वायर नवी आहे," मी म्हणालो.

"तिकडे लोक मुद्दाम कमी वॉटची केटली नेतात. पाणी उकळायला वेळ लागतो, पण लोड येत नाही."

मला हसू आलं. इतकी प्रगत राष्ट्रं, आणि चहाला वेळ लागतो!

तेवढ्यात खाटेवर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, इथे खालून किती छान ऊब येतेय हो. काय सोय केलीत?"

लग्नाला एवढी वर्षं झाली, सासूबाईंनी माझ्या एखाद्या सोयीचं तोंडभर कौतुक केल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे ऊब कशाची, हे तपासण्याऐवजी मी नुसता विनयाने हसलो. "समुद्राची हवा गार असते ना आई," असं म्हणून मी ते श्रेय खिशात घातलं. साडूभाऊ मात्र उठले आणि खाटेखाली वाकले. त्याच वेळी मेहुणी म्हणाली, "काहीतरी जळतंय. बोंबील नाहीत."

गोधडीची कड तपकिरी झाली होती. साडूभाऊंनी सासूबाईंना आधी उठवलं, मग ओटीकडे धावत जाऊन बटण बंद केलं. मी ड्रम ओढून बाहेर काढला. गुंडाळलेल्या वायरीचे सगळे फेरे वितळून एकमेकांना चिकटले होते. भर उन्हाळ्यात डांबराला येतो तसा वास.

नंतर टॉर्चच्या उजेडात साडूभाऊंनी ड्रमच्या बाजूचं लेबल वाचून दाखवलं. वायर पूर्ण उलगडली असेल तर इतके वॉट, गुंडाळलेली असेल तर त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतके. करंट वाहिला, की वायर थोडी तापतेच. मोकळी असेल तर उष्णता हवेत निघून जाते. फेऱ्यावर फेरा असेल तर ती आतल्या आत साठत जाते, आणि वर गोधडी असेल तर मग बोलायलाच नको. शिवाय करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. हे मी शाळेत पाठ केलं होतं, पाच मार्कांना. लेबल मात्र दुकानातच वाचायला हवं होतं. पण दुकानात मी लेबलाची फक्त वरची ओळ वाचतो, एमआरपीची.

ओटीवरचा फ्यूज का नाही उडाला? काकांना विचारलं. ते म्हणाले, "तो सारखा उडायचा, म्हणून जाड तार टाकलीय." हे त्यांनी बढतीची बातमी सांगावी तसं सांगितलं.

इथे थांबणारा माणूस परचेसला टिकत नाही. जळालेला भाग मी कापून टाकला, उरलेली टोकं पिळून जोडली, वर काळी टेप गुंडाळली. फक्त केटली आणि तोरण चालू ठेवायचं, इंडक्शन बंद, अशी तडजोड केली. वायर आता पूर्ण उलगडलेली होती. साडूभाऊंचं समाधान झालेलं दिसत नव्हतं, पण पाहुण्याने किती बोलावं यालाही मर्यादा असते.

केटली लावली. बोंबलाची कढई समुद्राच्या पाण्याने घासून यावी म्हणून मी किनाऱ्यावर गेलो. अनवाणी आलो, पाय ओले, हात ओले. तंबूत शिरताना एका हाताने खांब धरला.

शॉक बसलेला माणूस ओरडतो असा माझा समज होता. तसं होत नाही. तोंडातून जो आवाज आला तो मी आजवर काढलेला नव्हता आणि नंतरही जमलेला नाही. कढई उडाली. मी एका पायावर तीन-चार उड्या मारल्या. माझं नशीब, की हात झटक्याने सुटला, आखडून धरला गेला नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई मेहुणीला म्हणाल्या, "यांना नाचता येतं हे माहीत नव्हतं गं."

साडूभाऊ पुन्हा ओटीकडे धावले, तिथे भाच्याला उभं करून आले आणि सगळ्यांना चपला घालायला लावून तंबूबाहेर काढलं. मग म्हणाले, "टेस्टर आहे?" टेस्टर होता. दिवाळीत एकावर एक फुकट मिळालेला. भाच्याला हाक मारून क्षणभर लाइट लावायला सांगितली आणि टेस्टर खांबाला लावला. पेटला. दुसऱ्या तंबूच्या खांबाला लावला. पेटला. टॉवेलच्या तारेला, पेटला. पंखा बंद होता, तरी त्याच्या जाळीला पेटला. सासूबाईंच्या चकल्यांचा स्टीलचा डबा त्याच तारेला हुकाने टांगला होता, उंदीर नकोत म्हणून. त्यालाही पेटला. बोर्ड, केटली, डबा, खांब, तार, सगळीकडे वीज होती. फक्त चहा झाला नव्हता.

"बंद करा," बायको म्हणाली. तिने ते ज्या आवाजात म्हटलं, त्या आवाजावर आमच्याकडे चर्चा होत नाही.

रात्र टॉर्चवर गेली. थंडी वाढली तशी मी एक कोळशाची शेगडी काकांकडून आणली आणि तंबूत ठेवायला निघालो. साडूभाऊंनी ती तंबूच्या दारात माझ्या हातातून काढून घेतली आणि लांब वाळूत ठेवली. बंद तंबूत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्याला झोपेतच गाठतो. हे सांगताना ते पहिल्यांदाच सौम्य नव्हते. एका संध्याकाळीत मी कुटुंबाला भाजून, झटका देऊन आणि आता गुदमरवून अशा तीन प्रकारे संपवायला निघालो होतो. तीन कोटेशनं काढायची सवय, दुसरं काय!

सकाळी काकांनी गावातल्या वायरमनला बोलावलं. तिशीतला पोरगा, खांद्याला झोळी, कानाला पेन्सिल. त्याने माझा बोर्ड खोलला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग झोळीतून विजेची गळती तपासायचा मेगर काढला, केटलीला लावला, आकडा बघितला, आणि केटली माझ्याकडे न देता बायकोकडे दिली.

"केटलीचं एलिमेंट लीक आहे. करंट बॉडीवर आला. बॉडीवरनं प्लगच्या मोठ्या पिनवर. मोठ्या पिनवरनं बोर्डाच्या पट्टीवर. पट्टी पत्र्याला आवळलेली. पत्रा खांबाला बांधलेला. खांब तारेला. पुढे जायला वायरच नाही." मग माझ्याकडे वळून, "तिसरी वायर असती तर तिथनंच जमिनीत गेला असता. ती नव्हती, म्हणून तुमची वाट बघत थांबला."

"पण खांब जमिनीतच आहेत ना?"

त्याने वाकून खांबाचा पाय दाखवला. खाली प्लॅस्टिकची टोपी, त्याखाली रेक्झिनचं अंथरूण, त्याखाली कोरडी वाळू. "कोरडी वाळू करंट नेत नाही, साहेब. तुमचे ओले पाय नेतात."

मग त्याने मला प्लगची मोठी पिन दाखवली. ती नुसती जाडच नाही, इतर दोघींपेक्षा लांबही असते. म्हणजे प्लग घालताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जातं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटतं. ज्या वस्तूचा मी घाऊक भाव तोंडपाठ सांगू शकतो, तिच्या तीन पिनांची लांबी सारखी नसते, हे मी त्या दिवशी वाळूत उकिडवं बसून पहिल्यांदा पाहिलं.

मी विचारलं, "पण फ्यूज, एमसीबी असतात ना माणसाला वाचवायला?"

"ते वायरीला वाचवायला. १६ अँपियरचा एमसीबी सोळाच्या वर गेल्याशिवाय हलत नाही. माणूस मरायला एका अँपियरचा दहावा हिस्साही पुरतो. माणसासाठी आरसीसीबी." आणि तो ओटीकडे गेला. बोर्डात आरसीसीबी होता. त्याच्या दोन्ही बाजू वायरीने थेट जोडून टाकलेल्या होत्या.

काका म्हणाले, "अरे तो पावसाळ्यात सारखा पडायचा, म्हणून डायरेक्ट केलाय."

"पडायचा म्हणजे काका, तुमची भिंत ओली होऊन करंट भिंतीत उतरत होता. तो तेच सांगत होता."

आरसीसीबी काय करतो, हे मला साडूभाऊंनीही सांगितलं होतं, पण डोक्यात शिरलं ते गेटवरच्या रजिस्टरमुळे. आमच्या कारखान्याच्या गेटवर वॉचमन दोन रजिस्टरं ठेवतो, आत आलेला माल आणि बाहेर गेलेला माल. दोन्ही जुळले नाहीत की तो गेट बंद करतो, चोरी कुठे झाली ते नंतर बघायचं. आरसीसीबीतून फेजने जेवढा करंट गेला, तेवढाच न्यूट्रलने परत यायला हवा. ३० मिलिअँपियरची तफावत आली, तर तेवढा करंट तिसऱ्याच वाटेने, कदाचित एखाद्या माणसातून, चाललाय असं धरून तो डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. ओल्या अंगाचा रोध हजारेक ओम धरला, तर २३० व्होल्टला माणसातून २३० मिलिअँपियर जाऊ शकतात. ३० आणि २३०. हा हिशेब मी कागदावर केला आणि कागद घडी करून पाकिटात ठेवला. का ठेवला, ठाऊक नाही.

वायरमन काम करता करता माझ्याकडे अधूनमधून बघत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, तुम्ही एमआयडीसीत परचेसला ना?"

मी जरा सुखावलो. नाव झालेलं आहे तर!

"मी तुमच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होतो. आम्ही ३० मिलिअँपियरवाले चाळीस आरसीसीबी मागितले होते. इंडेंटवर कोणीतरी चाळीस खोडून दहा केले, लाल पेनाने. खाली सही होती. आम्ही ती सही वाचायचा लई प्रयत्न करायचो."

सुरूच्या झाडांतून वारा सुटला होता. बायकोने विचारलं, "मग ते दहा कुठे लावले?"

"दहाच आले, ताई, ते लावले, जिथे साहेब लोकांचे एसी होते तिथे."

आपल्याकडच्या मांडवांबद्दलही तो बरंच बोलला. महावितरण दरवर्षी गणपतीच्या आधी मंडळांना सांगतं, की तात्पुरती अधिकृत जोडणी घ्या, अर्थिंग करा, उघडे जोड ठेवू नका. काही मंडळं घेतात. काही वरच्या तारेवर आकडा टाकतात, जी २००३च्या वीज कायद्याच्या १३५व्या कलमाखाली सरळ चोरी आहे. आणि मग तोच डेकोरेटर, तीच पिळलेली वायर, तोच लोखंडी पाइप, खाली पावसाचं पाणी आणि अनवाणी भक्त. "देव सांभाळतो," तो म्हणाला, "पण त्याच्यावर तरी किती लोड टाकायचा?"

त्याने बोईसरहून तीन कोअरची अडीच स्क्वेअर एमएमची केबल मागवली. ओटीवरची जाड तार काढून योग्य फ्यूज घातला. आरसीसीबी मोकळा करून पाहिला, तो मेलेला निघाला, म्हणून नवा लावला. तंबूपाशी झाकणवाला आयपी ४४चा बॉक्स, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, लाकडी खुंटीला, लोखंडी खांबाला नव्हे. विहिरीजवळ, जिथे जमीन कायम ओली असते, तिथे अर्थिंगचा रॉड ठोकला. केबल झाडाझाडाने वरून नेली, एक फेरासुद्धा गुंडाळलेला ठेवला नाही. मग आरसीसीबीवरचं 'टी' लिहिलेलं बटण दाबलं. खट्. लाइट गेली.

"बिघडला?" मी म्हणालो.

"चालतोय. हे बटण अधूनमधून दाबून बघायचं."

याचा परिणाम असा झाला, की माझा भाचा दिवसभर ते अधूनमधून दाबत होता. कोणाचाही मोबाइल चार्ज झाला नाही.

संध्याकाळी पुन्हा दिवे लागले. मी मुद्दाम, एक शास्त्रीय प्रयोग म्हणून, केटली लावून बघितली. खट्. पुन्हा लावली. खट्. "हा पीस खराब आहे, बदलून मागा," असं माझ्या तोंडून निघून गेलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. सप्लायरला डेबिट नोट पाठवायचे शब्द माझ्या बोटांत आलेच होते. साडूभाऊंनी केटली उचलली, तिची वायर कापली, आणि तिच्यात सासूबाईंना समुद्रावरून आणलेले शिंपले ठेवायला दिले. तिचा एवढा चांगला उपयोग आमच्या पँट्रीतही कधी झाला नव्हता.

मध्यरात्री पुन्हा खट्. या वेळी कोणी काही लावलं नव्हतं. डिसेंबरात किनाऱ्यावर दव एवढं पडतं, की तंबूचं कापड आतून-बाहेरून ठिबकतं. ते पाणी दिवाळीच्या तोरणाच्या होल्डरांत गेलं होतं. खारी हवा, खारं दव, मीठ साचलेला पितळी संपर्क. तोरण घरातलं, उघड्यावरचं नव्हे. काढून टाकलं, लाइट राहिली. मी अंधारात ओटीवर चाचपडत उभा असताना काका आतून म्हणाले, "बघा, पडतोच तो. डायरेक्ट करून टाका."

खरं सांगायचं तर माझा हात वायरीकडे गेला होता. थंडी होती, झोप होती, आणि दोन इंच वायर होती. मागे चपलांचा आवाज आला. बायको टॉर्च घेऊन उभी होती, काही न बोलता. मी हात खिशात घातला.

निघायच्या दिवशी वायरमन हिशेब घेऊन आला. वहीच्या कागदावर पेन्सिलीने, ओळीने सगळं लिहिलेलं. केबल, बॉक्स, आरसीसीबी, फ्यूज, रॉड, लग, मजुरी. काकांनी अर्धा खर्च उचलायचं कबूल केलं होतं, कारण सगळं त्यांच्या वाडीतच राहणार होतं. आमच्या वाट्याचा आकडा वाजवी होता. बाजारभाव मला तोंडपाठ आहेत, त्यामुळे तो वाजवी आहे हे माझ्याइतकं त्या किनाऱ्यावर कोणालाच कळत नव्हतं. पण तोंडाला लागलेलं वळण.

"शेवटचं किती?" मी विचारलं.

त्याने पेन्सिल कानावरून काढली, यादीवरून फिरवली आणि एका ओळीवर थांबवली. "रॉड काढून घेऊ का साहेब? तेवढे कमी होतील. नाहीतर आरसीसीबी डायरेक्ट करून देतो, काकांना चालतंय. लाइट काय, दोन्हीशिवाय लागतेच."

साडूभाऊ एकदम खोकले. मी बोलायच्या आत बायकोने पर्स उघडून पूर्ण पैसे मोजले, वर शंभरची नोट ठेवली आणि म्हणाली, "बिलावर यांची सही घेऊ नका हं."